अर्ध्या मिनिटाची सवड

ती बाई स्टेशनच्या जिन्यावर मध्येच थांबली होती. खांद्यावर झोपलेलं मूल, त्याची मान मागे कललेली, आणि दुसऱ्या हातात चाकांची मोठी बॅग. बॅग एक पायरी वर ओढायची, मुलाची मान सावरायची, श्वास घ्यायचा, पुन्हा एक पायरी. बॅगेचं एक चाक वाकडं झालं होतं आणि ते प्रत्येक पायरीच्या कडेला अडकत होतं. मी तिच्या शेजारून भराभर वर चढून गेले. माझी गाडी सुटायला तीन मिनिटं उरली होती. गाडी मिळाली, बसायला जागाही मिळाली, पण पुढचा तासभर ते वाकडं चाक डोळ्यांपुढून हलेना.

आठवड्याभराने त्याच जिन्यावर एका आजोबांना मी "देऊ का हात?" असं विचारलं आणि त्यांची जड पिशवी वर नेऊन दिली. त्या दिवशी गाडीला भरपूर वेळ होता. मधल्या आठ दिवसांत माझ्यावर काही नवे संस्कार झाले नव्हते, कुणाचं प्रवचन ऐकलं नव्हतं. आधीची मी आणि ही मी एकच होते. बदललं होतं ते फक्त घड्याळ.

"हल्ली माणुसकीच उरली नाही" हे वाक्य आपण सगळेच येताजाता बोलतो. कुणी जागा दिली नाही, कुणी पडलेल्याला उचललं नाही, कुणी पत्ता विचारल्यावर मान वळवली, की हे वाक्य तोंडात येतं. मला ते पटत नाही, आणि ते आता बोलायचं थांबवावं असं मला मनापासून वाटतं. माणुसकी आटलेली नाही, सवड आटली आहे. माझी सवड मी एकटी ठरवत नाही. गाड्यांचं वेळापत्रक आखणारे, एका खिडकीवर किती माणसं बसवायची ते ठरवणारे, जिना किती रुंद आणि लिफ्ट कुठे ते कागदावर रेखणारे, कामगाराच्या मिनिटामिनिटाचा हिशेब मागणारे, हे सगळे मिळून ती ठरवतात. म्हणून जाता जाता केलेली लहानशी मदत ही दिसते तितकी खाजगी गोष्ट नाही. तो सार्वजनिक प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा स्वभावापाशी थांबवून चालणार नाही.

घाई माणसाचं काय करते यावर 1973 साली एक फार बोलका अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे ख्रिस्ती धर्मशिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांना जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींना सांगितलं, तुम्हाला उशीर झालाय, पळा. काहींना सांगितलं, वेळेत निघा. काहींना सांगितलं, अजून अवकाश आहे, पण निघायला हरकत नाही. वाटेतल्या बोळात एक माणूस दारात कोसळल्यासारखा बसलेला होता, खोकत होता, कण्हत होता. सवड असलेल्यांपैकी 63 टक्के थांबले. मधल्या गटातले 45 टक्के. उशीर झालेल्यांपैकी फक्त 10 टक्के. आणि यातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना भाषणाचा विषय दिला होता तो बायबलमधल्या त्या परक्या प्रवाशाच्या बोधकथेचा, जो वाटेत लुटून टाकलेल्या अनोळखी माणसासाठी थांबतो. कथा डोक्यात घोळत होती, तरी घाईपुढे ती फारशी टिकली नाही. काही जण तर त्या कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून गेले.

चाळीस म्हणजे लहान संख्या, हे मला मान्य आहे. एवढ्यावरून मनुष्यस्वभावाचा निकाल लावायचा नाही. पण मला त्या अभ्यासातली एक गोष्ट आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. उशीर झालेले काही विद्यार्थी पोचल्यावर अस्वस्थ दिसले, असं संशोधकांनी नोंदवलं आहे. त्यांनी माणूस पाहिला नव्हता असं नाही. एकीकडे तो कण्हणारा होता आणि दुसरीकडे, त्या दुसऱ्या इमारतीत, त्यांची वाट पाहत बसलेला माणूस. दोघांपैकी एकाला निराश करायचंच होतं. माझ्या डोळ्यांपुढून न हललेलं ते वाकडं चाक मला इथे ओळखीचं वाटतं. थांबायचं असतं, पण कुणाला तरी वेळेचा शब्द आधीच दिलेला असतो, आणि तो मोडण्याची किंमत आपल्याला पक्की ठाऊक असते. जिन्यावरच्या माणसाचं काय होईल हे मात्र आपल्याला कधीच कळणार नसतं.

माणसं बघत उभी राहतात, मदतीला येत नाहीत, ही समजूत जगभर पक्की बसली ती एका बातमीमुळे. 13 मार्च 1964 च्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीज या 28 वर्षांच्या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. पुढे एका मोठ्या वृत्तपत्राने लिहिलं की 38 जणांनी हे पाहिलं आणि त्या वेळात कुणीही पोलिसांना बोलावलं नाही. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत गेली, दोन पिढ्यांनी ती वाचली. नंतर अभ्यासकांनी कागदपत्रं तपासली तेव्हा दिसलं की सगळा प्रकार पाहिलेले 38 जण असल्याचा पुरावाच नाही. बऱ्याच जणांनी फक्त आवाज ऐकला होता. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पहिल्यांदा पळवून लावलं होतं. आणि एक शेजारीण धावत खाली आली होती, शेवटच्या क्षणी किटीला तिने जवळ धरलं होतं. खुद्द त्या वृत्तपत्राने 2016 मध्ये मान्य केलं की आपल्या बातमीत साक्षीदारांची संख्या फार फुगवलेली होती. पन्नास वर्षांत किती जणांनी ती बातमी वाचून ठरवलं असेल की लोक असेच असतात! धावत खाली आलेली ती शेजारीण मात्र त्या गोष्टीतून पुसलीच गेली. याचा मला राग येतो.

आता खऱ्या रस्त्यांवरचे कॅमेरे उपलब्ध आहेत. ॲम्स्टरडॅम, केपटाऊन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर या तीन शहरांतल्या भररस्त्यातल्या 219 भांडणांचं चित्रीकरण संशोधकांनी तपासलं आणि 2019 मध्ये निष्कर्ष मांडले. दर दहांतल्या नऊ प्रसंगांत, नेमकं सांगायचं तर 91 टक्के प्रसंगांत, बघ्यांपैकी निदान एक तरी जण मध्ये पडला होता. सरासरी जवळजवळ चार माणसं पुढे आली होती. आसपास जितकी जास्त माणसं, तितकी कुणीतरी मदतीला येण्याची शक्यता जास्त. गर्दीत एकेक माणूस मागे राहतो, कारण त्याला वाटतं कुणीतरी दुसरा जाईल, हे प्रयोगांत दिसलेलं आहे आणि ते खोटं नाही. पण अडलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर त्याला सगळ्यांनी धावून यायला नकोच असतं. एक पुरे असतो. आणि तो एक बहुतेक वेळा येतो.

त्याच वर्षी, 2019 मध्ये, आणखी एक अभ्यास आला. 40 देशांतल्या 355 शहरांत मिळून 17,000 हून जास्त पाकिटं "सापडली" म्हणून वेगवेगळ्या कार्यालयांत नेऊन दिली गेली. मालकाचा पत्ता पाकिटात होता. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. अर्थतज्ज्ञांसकट बहुतेकांचा अंदाज होता की पैसे असलेली पाकिटं कमी परत येतील. 40 पैकी 38 देशांत घडलं उलट. पैसे असलेल्या पाकिटांच्या मालकांना जास्त निरोप गेले. ज्याचं खरंच नुकसान होणार आहे त्याच्यासाठी माणसं जास्त खटपट करतात. हे वाचलं तेव्हा मला माझ्याच मनातल्या अंदाजाची लाज वाटली, कारण मीही कमीच धरलं होतं.

मग मदत अडते कुठे? वेळेखालोखाल ती अडते ती न मागण्यापाशी.

समाजमानसशास्त्रज्ञ स्टॅनले मिलग्राम यांनी 1970 च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवलं. धडधाकट तरुणांनी बसलेल्या प्रवाशांना नुसतं विचारायचं होतं, माफ करा, तुमची जागा मला देता का? कारण काही सांगायचं नाही. सुमारे 68 टक्के लोकांनी जागा दिली किंवा सरकून करून दिली. विचारणाऱ्यांची मात्र पार दैना झाली. मिलग्राम स्वतः विचारायला गेले तेव्हा शब्द घशातच अडकले, आणि जागा मिळाल्यावर आपण खरोखर आजारी असल्यासारखं वागलं पाहिजे असं त्यांना वाटू लागलं. देणाऱ्याला उठायला जितकं जड गेलं त्याहून मागणाऱ्याला तोंड उघडायला जड गेलं. पुढे 2008 मध्ये फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी हेच मोजलं. एखादी प्रश्नावली भरून घ्यायची असेल तर किती अनोळखी लोकांना विचारावं लागेल, असा अंदाज सहभागी लोकांना आधी बांधायला सांगितला. प्रत्यक्षात त्याच्या जवळजवळ निम्म्याच लोकांना विचारून काम झालं.

माझ्या आईचं उदाहरण सांगते. गुडघ्याच्या दुखण्याने ती बेजार होती, पण गाडीत उभी राहायची आणि घरी येऊन रडायची. "कुणाला दिसत नाही का?" म्हणायची. दिसत नव्हतंच. साडीच्या आत सुजलेला गुडघा कुणाला कसा दिसणार? एकदा मी सोबत असताना तिच्या समोर बसलेल्या मुलीला म्हटलं, "आईचा गुडघा दुखतोय, बसू देशील का?" ती मुलगी ताडकन उठली, इतकी ओशाळली की आईच तिची समजूत घालू लागली. उतरताना दोघींची गट्टी जमली होती. त्या मुलीला आपण आधी मनात किती बोल लावले असते! तिचं चुकलं काय होतं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणूनच मला काही शहरांनी केलेली एक साधी सोय फार शहाणपणाची वाटते. लंडनच्या वाहतूक यंत्रणेने 2005 पासून गरोदर स्त्रियांसाठी बिल्ला दिला. पोट दिसू लागण्याआधीचे महिने पुष्कळ जणींना फार थकव्याचे असतात आणि नेमकं तेव्हाच बाहेरून काही कळत नाही. 2017 मध्ये त्याच यंत्रणेने न दिसणाऱ्या आजारांसाठी निळा बिल्ला काढला, "कृपया मला बसायला जागा द्या" एवढंच सांगणारा. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एका प्रवाशाने स्वतःच तसा बिल्ला करून लावला होता, त्यातून ही कल्पना पुढे आली. टोकियोच्या महानगर सरकारने 2012 मध्ये अशीच लाल पट्टी आणली, तिच्यावर पांढरी अधिकची खूण आणि हृदय. पर्सला लटकवायची. बोलायला न लागता मागणी पोचते, आणि बसलेल्यालाही "ही गरोदर आहे की नुसती जाड आहे, विचारलं तर राग येईल का" या घोळातून सोडवते. एवढ्याशा बिल्ल्याने ना देणाऱ्याचा स्वभाव बदलला, ना घेणाऱ्याचा. मध्ये जी शंका होती तेवढी काढून टाकली.

मागितलेली मदत आणि लादलेली मदत यांतला फरक मी एका रस्त्याच्या कडेला शिकले. पांढरी काठी घेतलेले एक गृहस्थ सिग्नलपाशी उभे होते. मी मोठ्या उत्साहाने त्यांचा दंड धरला आणि "चला" म्हणत ओढलंच. ते थबकले. माझा हात त्यांनी हळूच काढला आणि शांतपणे म्हणाले, "असं नको. तुमचं कोपर द्या." त्यांनी माझ्या कोपराच्या वर हात ठेवला आणि अर्धं पाऊल मागे राहून चालू लागले. मी वळले की त्यांना माझ्या हातातूनच कळत होतं. "कडा आली की क्षणभर थांबा, उतरायचं की चढायचं ते सांगा. ओढू नका. ओढलं की मला पुढचं काहीच कळत नाही, नुसता मी पडणार असं वाटतं." रस्ता ओलांडायला फार तर अर्धं मिनिट लागलं. तेवढ्यात मला कळलं की इतकी वर्षं मी ज्याला मदत म्हणत होते त्यात समोरच्याचा ताबा काढून घेणं होतं. अंध व्यक्तीला सोबत करण्याची ही रीत जगभर शिकवली जाते. शाळेत ती दहा मिनिटांत शिकवून होईल. व्हीलचेअरचंही तसंच. विचारल्याशिवाय मागून ढकलायला लागणं म्हणजे चालत्या माणसाला न विचारता उचलून घेण्यासारखं आहे.

बाई म्हणून यात आणखी एक गोष्ट जोडावीशी वाटते. रात्री उशिरा एकटी असताना कुणी अनोळखी माणसाने न विचारता माझी बॅग उचलली तर मला हायसं वाटत नाही, पोटात गोळा येतो. त्याचा हेतू स्वच्छ असेलही. पण तो तपासायला माझ्याकडे साधन नसतं. अशा वेळी "नको, जमेल मला" हे उत्तर निमूटपणे मानणं ही सुद्धा मदतच आहे, आणि पुष्कळ भल्या माणसांना ती जमत नाही. ते दुखावतात, पुन्हा आग्रह करतात. नकार म्हणजे अपमान नव्हे. विचारावं, दोन पावलं अंतर ठेवावं, नाही म्हटलं की पुढे जावं.

आता ज्या प्रश्नासाठी मी हे सगळं लिहितेय त्याकडे येते. प्रवासात आणि रोजच्या व्यवहारात ज्यांना विचारता येईल अशी माणसं आपण एकेक करून काढून टाकतो आहोत. तिकिटाच्या खिडकीच्या जागी यंत्र, कंडक्टरच्या जागी कार्ड, चौकशीच्या जागी "एक दाबा, दोन दाबा". प्रत्येक बदलाच्या बाजूने वेग आणि खर्च यांचा हिशेब मांडता येतो, आणि तो हिशेब चुकीचा असतो असं मी म्हणत नाही. रांगेत तासभर उभं राहण्याची मला हौस नाही. पण खिडकीतला माणूस नुसतं तिकीट देत नव्हता. "ही गाडी तिथे थांबत नाही, पुढच्या स्टेशनावर बदला," हे तो सांगत होता. चष्मा विसरलेल्याला फॉर्ममधले रकाने वाचून दाखवत होता. रडवेल्या मुलाला बसवून ठेवत होता. हे काम त्याच्या कामाच्या यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून यंत्र विकत घेताना त्याची किंमत कुणी धरली नाही.

इंग्लंडमध्ये 2023 साली हा प्रश्न उघडपणे पुढे आला. जुलैमध्ये रेल्वे कंपन्यांनी प्रस्ताव मांडला की स्टेशनांवरच्या जवळजवळ सगळ्या तिकीट खिडक्या बंद करायच्या. बहुतेक तिकिटं लोक मोबाइलवर किंवा यंत्रावर काढतात, तेव्हा कर्मचाऱ्यांना काचेमागून बाहेर आणून प्रवाशांमध्ये उभं करू, असं सांगितलं गेलं. ऐकायला बरं वाटणारं होतं. पण लोकांचं मत मागवलं तेव्हा साडेसात लाखांच्या आसपास प्रतिसाद आले. अपंग प्रवाशांच्या संघटनांनी साधा मुद्दा मांडला. खिडकी ठरलेल्या जागी असते. अंध माणसाला ती सापडते. फलाटावर कुठेतरी फिरणारा कर्मचारी सापडत नाही. प्रवाशांच्या बाजूने पाहणाऱ्या अधिकृत संस्थांनी प्रस्तावाला हरकत घेतली आणि 31 ऑक्टोबरला सरकारने तो मागे घ्यायला लावला. तिकीट घ्यायला न जाणाऱ्या लोकांनीही त्या खिडक्यांसाठी लिहिलं असणार, नाहीतर एवढी पत्रं आली नसती. अडचणीत जायला कुठेतरी एक नक्की जागा असावी, तिथे एक माणूस असावा, एवढं त्यांना हवं होतं.

वेगाच्या उलट्या दिशेने जाण्याची उदाहरणंही आहेत. नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केट साखळीने 2019 मध्ये मुद्दाम संथ चालणारा गल्ला सुरू केला. ज्यांना घाई नाही, दोन शब्द बोलायचे आहेत, त्यांनी त्या रांगेत यायचं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना डोळ्यांपुढे ठेवून हे केलं होतं, आणि नंतर आणखी बऱ्याच दुकानांत तसे गल्ले ठेवायचं ठरलं. इथे मला महत्त्वाचं वाटतं ते असं की गल्ल्यावरच्या मुलीला "जरा प्रेमाने बोल" असा उपदेश केला नाही. तिच्या रांगेतली घाई काढून घेतली. बोलणं मग आपसूक आलं.

एक आक्षेप मात्र मनापासून ऐकायला हवा, कारण तो मदतीची गरज रोज असलेल्यांकडून येतो. ते म्हणतात, आम्हाला तुमच्या चांगुलपणावर का सोडता? जिन्यावर चार जणांनी मिळून एखादी व्हीलचेअर वर नेली की त्या चौघांना दिवसभर छान वाटतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला काय वाटतं? तो हवेत तरंगत असतो, कुणाचा पाय घसरला तर काय, या भीतीने त्याने हात घट्ट धरलेले असतात, आणि उद्याही त्याला हेच करायचं असतं. शेजारी लिफ्ट असते, तिच्यावर "बंद आहे" असा कागद चिकटवलेला असतो, आणि कागदाचे कोपरे पिवळे पडलेले असतात. त्या कागदाबद्दल कुणीच तक्रार करत नाही, कारण माणसं वर पोचताहेत.

हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करते. जे हक्काने मिळायला हवं ते मेहेरबानीने मिळू लागलं की हक्क विसरला जातो. लिफ्ट ही लिफ्टच हवी, तिची जागा चार भल्या खांद्यांनी घ्यायची नाही. पण यातून मदत कमी करावी असं निघत नाही. खुर्ची वर नेणाऱ्या चौघांनी वर गेल्यावर त्या पिवळ्या कागदाचा फोटो काढून तक्रार नोंदवली तर त्यांची मदत पूर्ण होते. आणि लिफ्ट चालू असली तरी प्रवासात असं पुष्कळ उरतं जे कुठल्याही नियमात बसत नाही. फाटलेल्या पिशवीतून फलाटभर घरंगळलेली फळं, चुकीच्या बाजूला उभा राहिलेला म्हातारा, मोबाइल बंद पडलेली मुलगी. फ्रान्स आणि जर्मनीसारख्या देशांत संकटातल्या माणसाला शक्य असूनही मदत न करणं हा गुन्हा आहे. तो कायदा जिवावर बेतलेल्या प्रसंगांसाठी आहे. घरंगळणाऱ्या फळांसाठी कायदा करता येत नाही. तिथे माणूसच लागतो, आणि त्या माणसाला वाकायला वेळ लागतो.

इच्छा किती पडून आहे याचा पुरावा हवा असेल तर एक मोबाइल ॲप पाहावं. डेन्मार्कमधून 2015 मध्ये "बी माय आइज" नावाची सेवा सुरू झाली. अंध व्यक्तीने फोनचा कॅमेरा समोर धरायचा आणि जगातल्या कुठल्या तरी अनोळखी स्वयंसेवकाने त्याला सांगायचं, डबा दुधाचा आहे की ताकाचा, शर्ट निळा की काळा. इतके स्वयंसेवक नाव नोंदवायला आले की त्यांची संख्या मदत मागणाऱ्यांच्या कित्येक पट झाली. नाव नोंदवून फोन कधी वाजतोय याची वाट पाहत बसलेली माणसं आहेत ही! हीच माणसं सकाळी जिन्यावरून भराभर चढून जात असतील. मीही त्यांच्यातलीच.

म्हणून मागणी स्वभावाकडे करण्याआधी ती वेळापत्रकाकडे करावी, असं मला वाटतं. मी ज्या बसने घरी जाते तिचा ड्रायव्हर एका रात्री स्टॉप सोडून निघाला आणि पंधरा-वीस फुटांवर पुन्हा थांबला. आरशात त्याला कुणीतरी धावताना दिसलं होतं. धावणारी बाई दवाखान्याच्या गणवेशात होती, चढल्यावर तिला नुसता श्वास घेता येईना, तिने हात जोडले. त्याने मान हलवली आणि गाडी काढली. शेवटच्या स्टॉपला मी त्याला विचारलं, असं थांबलेलं चालतं का हो? तो म्हणाला, एकदोनदा चालतं, सिग्नलला भरून निघतं. पण एका फेरीत तीनचार जणांसाठी थांबलं की गाडी उशिरा पोचते, मग कारण लिहून द्यावं लागतं, आणि "कुणीतरी धावत होतं" हे कारण त्या कागदात बसत नाही. मग तो आरशात बघणंच टाळतो. फेरीच्या शेवटी शेवटी तर बघतच नाही.

किती वेळ वाढवून दिला तर आरशात बघता येईल, असं मी विचारलं. त्याने क्षणभर हिशेब केला.

"फेरीमागे दोन मिनिटं," तो म्हणाला.